सरड्याची धाव

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ज्याची शक्ती थोडी त्याची मजलही थोडी, असा तिचा अर्थ. म्हणीत थोडा उपहास आहे. परंतु अलीकडे ही म्हण कानांवर आली, की माझ्या मनात निराळाच विचार येतो. कुंपणापर्यंत का होईना, पण त्या सरड्याला धाव आहे. उन्हात बसावे की सावलीत जावे, फांदीवर चढावे की दगडाखाली शिरावे, हे तो स्वतः ठरवतो. ज्या सरड्याला माणसाने हौसेने पेटीत आणून ठेवले, त्याची धाव मात्र काचेपर्यंतच. काचेच्या आत ऊन किती असावे, सावली कोठे असावी, हे त्याने नव्हे, आपण ठरवायचे असते. अधिकार घेतला, की जबाबदारीही घ्यावी लागते. त्या जबाबदारीविषयी आज तुमच्याशी बोलावयाचे आहे.

माझी कन्या ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या पश्चिम भागात राहते. २०१९ सालच्या जुलै महिन्यात मी तिच्याकडे राहावयास गेलो होतो. आपल्याकडे तेव्हा पावसाळा असतो. तिकडे ऐन हिवाळा होता. माझा नातू त्या वेळी बारा वर्षांचा, म्हणजे तुमच्याच वयाचा. त्याने एकच ध्यास घेतला होता. त्याला दाढीवाला सरडा पाळावयाचा होता.

हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या प्रदेशाचा रहिवासी. इंग्रजीत त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. शेपटीसह त्याची लांबी दीड ते दोन फूट भरते. त्याच्या गळ्याखाली काटेरी खवले असतात. राग आला किंवा भीती वाटली, की तो गळा फुगवतो. गळा काळा पडतो आणि काळी दाढी उगवल्यासारखी दिसते. एखाद्या मोठ्या सरड्यापुढे नमते घ्यावयाचे असले, की तो पुढचा एक पाय उचलून हळूहळू गोल फिरवतो. जणू हात हलवून तो म्हणतो, “मला भांडावयाचे नाही.” असा मजेदार प्राणी मुलांना आवडला नाही तरच नवल!

ऑस्ट्रेलियातून तेथील मूळचे सरपटणारे प्राणी व्यापारासाठी जिवंत बाहेर पाठवण्यास कायद्याने बंदी आहे. सिडनी ज्या राज्यात येते, त्या राज्यात घरी असा सरडा ठेवावयाचा तर सरकारी परवाना घ्यावा लागतो, आणि रानातून सरडा पकडून आणता येत नाही. माझ्या कन्येने परवाना काढण्याची तयारी दाखवली, आणि नातवाने लगेच घराचा नकाशा काढला. दोन फूट लांबीची काचेची पेटी, तळाला जाड थराची तांबडी वाळू, मधोमध प्लास्टिकचा किल्ला आणि वर एक रंगीत दिवा, असा त्याचा बेत होता.

“आजोबा, वाळवंटातला प्राणी आहे, म्हणून वाळू. त्याला ऊब लागते, म्हणून दिवा. झाले की नाही घर?” त्याने मला विचारले.

मुलांनो, खरे सांगतो, मलाही ते पटले. मी म्हणालो, “छान आहे.” पुढे मला या दोन शब्दांची लाज वाटली.

त्याच आठवड्यात नातू मला त्याच्या एका मित्राच्या घरी घेऊन गेला. त्या मुलाजवळ दहा महिन्यांचा दाढीवाला सरडा होता. पेटी देखणी होती. ती मोठ्या खिडकीला लागून ठेवलेली होती आणि तिच्यावर लख्ख ऊन पडत होते. परंतु आतल्या सरड्याकडे पाहून माझा जीव कळवळला. त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले होते. चालताना त्याचे पोट जमिनीला घासत होते. त्याच्या बोटांना कंप सुटलेला होता. त्याच दिवशी सकाळी त्याला पशुवैद्याकडे नेऊन आणले होते. त्याची हाडे मऊ पडली होती. जबडाही इतका नरम झाला होता, की त्याला नीट चावता येत नव्हते. तो मुलगा रडवेल्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होता, “पण मी त्याला रोज उन्हात ठेवत होतो!”

त्या मुलाचे प्रेम खोटे नव्हते. त्याचे ज्ञान अपुरे होते, आणि त्याची किंमत सरड्याला मोजावी लागली. हे नेमके कसे घडले, ते समजून घेण्याजोगे आहे.

सूर्यप्रकाशात आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतील काही किरण सरड्याच्या कातडीवर पडले, की त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. हे जीवनसत्त्व असेल तरच अन्नातील कॅल्शियम शरीरात शोषले जाते, आणि कॅल्शियम मिळाले तरच हाडे बळकट होतात. खिडकीची काच प्रकाश आत येऊ देते, ऊबही आत येऊ देते. परंतु हे किरण मात्र ती जवळजवळ सर्वच अडवते. त्या सरड्याला उजेड मिळत होता, ऊब मिळत होती, पण ज्याच्यावर त्याची हाडे अवलंबून होती तेच नेमके मिळत नव्हते. पाहणाऱ्याला सारे ठीक दिसत होते. म्हणून मी म्हणतो, की पाळीव प्राण्याचे घर आपल्या डोळ्यांना कसे दिसते यावरून त्याची पारख करू नये.

घरी परतल्यावर नातवाने आपला नकाशा मुकाट्याने फाडून टाकला. आम्ही दोघे सुमारे दोन आठवडे पुस्तके वाचत बसलो, आणि त्याच्या आईने एका पशुवैद्याचा सल्लाही घेतला. त्या वाचनात मला एका जुन्या संशोधनाची ओळख झाली. सरडे, साप यांना आपण ‘थंड रक्ताचे प्राणी’ म्हणतो. त्यांचे शरीर सभोवतालच्या हवेबरोबर तापते आणि निवते, त्यात त्यांच्या हाती काही नसते, असा पूर्वी सर्वसाधारण समज होता. १९४४ साली रेमंड कोल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हा समज डळमळला. सकाळी सरडा उन्हात अंग पसरून बसतो, पुरेसा तापला की सावलीत सरकतो, पुन्हा उन्हात येतो. अशा येरझारा घालून तो दिवसा आपल्या शरीराचे तापमान ठरावीक मर्यादेत राखतो, असे त्यांना आढळले. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. भर उन्हात सावलीपर्यंत पोहोचू न दिलेला वाळवंटी सरडा थोड्याच वेळात प्राणास मुकतो.

म्हणजे जो प्राणी उन्हाचा म्हणून आपण ओळखतो, त्याला सावलीची तितकीच गरज असते. त्याला हवी असते ती नुसती उष्णता नव्हे. उष्णता आणि गारवा यांतून निवड करण्याची सोय त्याला हवी असते. माझ्या मते हीच गोष्ट या साऱ्या विषयाचे मर्म आहे. चांगले घर म्हणजे निवड करू देणारे घर.

ही एक गोष्ट ध्यानात आली, की बाकीचे नियम घोकावे लागत नाहीत. ते आपोआप उलगडतात. पेटी मोठी का हवी? दोन फुटांच्या पेटीत एका टोकाला दिवा लावला, तर दुसरे टोकही तापते. मग सरड्याने निवडावे काय? म्हणून पूर्ण वाढलेल्या दाढीवाल्या सरड्याला निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच जागा द्यावी. एका टोकाला दिव्याखाली अंग शेकण्याची जागा करावी. तेथील दगडाचा अथवा फांदीचा पृष्ठभाग सुमारे ४० अंश सेल्सिअस तापलेला असावा. दुसरे टोक सुमारे २५ अंशांवर असावे. दोन्ही टोकांना तापमापक लावावा. हाताने चाचपून अंदाज करू नये. रात्री दिवे बंद असावेत, कारण वाळवंटातही रात्र काळोखी आणि गार असते. रंगीत दिव्याची हौस आपली. सरड्याला तिचा काही उपयोग नाही.

अतिनील किरणांचा दिवा निराळा घ्यावा लागतो. तो सरडा आणि दिवा यांच्यामध्ये काच येणार नाही अशा रीतीने, आणि दिवा बनवणाऱ्याने सांगितलेल्या अंतरावर बसवावा. दिवसाचे दहा ते बारा तास तो चालू ठेवावा. या दिव्याचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. काही महिन्यांनी त्याचे अतिनील किरण क्षीण होतात, पण त्याचा उजेड पूर्वीसारखाच दिसत राहतो. म्हणून दिवा ‘चालू आहे’ एवढ्यावर समाधान न मानता सांगितलेल्या मुदतीला तो बदलावा लागतो. बहुतेक दिव्यांची ही मुदत सहा महिने ते एक वर्ष असते.

आता वाळूविषयी. वाळवंट म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. परंतु या सरड्याचा मुलूख बराचसा घट्ट तांबड्या मातीचा, दगडांचा आणि झुडपांचा आहे. तो झाडांच्या बुंध्यांवर चढतो, पडलेल्या ओंडक्यांवर बसतो; इतकेच नव्हे, तर शेतांच्या कुंपणाच्या खांबांवरही ऊन खात बसलेला दिसतो. म्हणजे आपली म्हण तेथेही खरी ठरते! अशा प्राण्याला सुट्या वाळूच्या थरावर ठेवले, तर अन्नाबरोबर वाळू पोटात जाऊन आतडी तुंबण्याची भीती असते. लहान आणि अशक्त सरड्याला तर विशेषच. त्याऐवजी चढण्यास भक्कम फांद्या, सपाट दगड, पाय घसरणार नाहीत असा तळ आणि लपण्यास एक आडोसा द्यावा. आडोसा हा अलंकार नव्हे. ज्याला लपता येत नाही, त्याला निश्चिंत झोप कशी लागावी? आणि एका पेटीत एकच सरडा असावा. आपल्याला वाटते, की तो एकटा कंटाळेल. परंतु हा प्राणी एकांतप्रिय आहे. दोन नर एकत्र ठेवले तर ते झुंजतात आणि एकमेकांना जखमी करतात.

आहाराचेही तसेच आहे. लहानपणी त्याला रातकिड्यांसारखे किडे अधिक लागतात. मोठेपणी मुख्यतः हिरवा पाला व भाज्या आणि जोडीला थोडे किडे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. काजवे मात्र चुकूनही देऊ नयेत. काही जातींच्या काजव्यांतील विषाने एका काजव्यातही हा सरडा मरू शकतो. सरड्याला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. कारण निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, आणि ते माणसाला आजारी पाडतात.

येथे तुमच्यापैकी कोणी विचारील, “रानात हा सरडा तापमापकावाचून आणि दिव्यावाचून जगतोच ना? मग घरी एवढा खटाटोप कशासाठी?” प्रश्न रास्त आहे, माझ्या जावयांनीही तो विचारला होता. त्याचे उत्तर असे, की रानात त्याच्याजवळ सूर्य असतो, बीळ असते, झुडूप असते आणि या सर्वांपर्यंत पोहोचण्याचे स्वातंत्र्य असते. पेटीत ठेवताना आपण त्याचे हे सारे काढून घेतो. तेव्हा हा खटाटोप म्हणजे त्याच्यावर केलेला उपकार नव्हे. जे आपण घेतले त्याची ती परतफेड आहे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे आपण म्हणतो. परंतु पाहुणा आपण होऊन आलेला नसेल, आपणच त्याला उचलून आणलेला असेल, तर त्याचे पाय पाहून अंथरूण घालणे हे यजमानाचे कर्तव्य ठरते.

नातवाने हे कर्तव्य मनावर घेतले. आधी घर, मग सरडा, असा त्याने क्रम लावला. वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने मोठी पेटी घेतली. ती रिकामी असतानाच दिवे लावून एक आठवडाभर तो सकाळ, दुपार आणि रात्र तिचे तापमान वहीत टिपून ठेवत होता. मी भारतात परतलो तरी सरडा आलेला नव्हता. तो आला नोव्हेंबर महिन्यात. पुढे दोनच महिन्यांनी, ४ जानेवारी २०२० रोजी, पश्चिम सिडनीतील पेनरिथ येथे तापमान ४८.९ अंशांवर गेले. त्या दिवशी नातवाने उष्णतेचा दिवा बंद ठेवला, पेटी घरातील सर्वांत गार खोलीत हलवली आणि दर तासाला तापमापक पाहिला. “आजोबा, आज त्याला वाळवंटापेक्षाही जास्त ऊन झाले असते,” असे तो मला दूरध्वनीवर म्हणाला. मुलगा नियम पाठ करून थांबला नव्हता. त्याला नियमामागील कारण समजले होते, याचा मला फार आनंद झाला.

त्याच्या मित्राचा सरडाही औषधोपचाराने वाचला. पण त्याचे पाय वाकडे ते वाकडेच राहिले. हाडांची चूक मागाहून पुसता येत नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नये. चांगली देखभाल झाली तर हा सरडा दहा वर्षांच्या आसपास जगतो. आज सातवीत असलेला मुलगा तोवर महाविद्यालय संपवून नोकरीच्या शोधात निघालेला असेल. आज वाटणारी हौस परीक्षेच्या दिवसांत, सहलीच्या दिवसांत, आजारपणात टिकेल काय? घरातील वडीलधारी माणसे हा भार उचलण्यास राजी आहेत काय? जवळपास सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आहे काय? या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर सरडा न पाळणे हेच त्याच्यावरील खरे प्रेम होय, असे माझे स्पष्ट मत आहे. न पाळण्यातही दया असते.

आपल्या देशातील वन्य सरड्यांविषयी तर प्रश्नच उद्भवत नाही. राजस्थान आणि कच्छ या रुक्ष प्रदेशांत सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा आहे. तो मुख्यतः झाडपाल्यावर जगतो, बीळ खणून राहतो आणि आत शिरल्यावर बिळाचे तोंड मातीने बंद करून घेतो. बाहेरच्या तापलेल्या जमिनीपासून वाचवणारे हे त्याचे घर कोणत्याही कारागिराने वाखाणावे असे आहे. त्याच्या चरबीच्या तेलाविषयीच्या भोळ्या समजुतींपायी माणसाने त्याला फार पकडले. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला, तसेच आपल्या घोरपडीला, संरक्षण दिले आहे. त्यांना पकडणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. याच कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय यादीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवर त्यांची नोंद करण्याचे बंधन घातले. तेव्हा दुकानात एखादा परदेशी प्राणी दिसला, तरी आधी कायदा विचारावा, मग घर विचारावे आणि सर्वांत शेवटी आपले मन विचारावे. आपण बहुधा हा क्रम उलटा करतो.

मग सरड्यांची आवड असणाऱ्या मुलाने काय करावे? माझा साधा सल्ला आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी वही आणि घड्याळ घेऊन एखाद्या कुंपणापासून थोड्या अंतरावर शांतपणे बसावे. कोवळे ऊन पडू लागले, की आपला नेहमीचा सरडा वर येईल. तो किती वाजता आला, उन्हाकडे अंग कसे करून बसला, सावलीत केव्हा सरकला, पुन्हा उन्हात केव्हा आला, हे टिपून ठेवावे. असे आठ दिवस केले, तर कोल्स आणि बोगर्ट यांनी दूरच्या वाळवंटात जे पाहिले, त्याचाच एक अंश तुम्हांला आपल्या कुंपणावर दिसेल. त्यासाठी पेटी नको, दिवा नको, परवाना नको आणि कोणाचे पाय वाकडे होण्याची भीतीही नको.

आणि पुढे कधी एखादा प्राणी पाळण्याचा योग आलाच, तर ती वही जवळ ठेवा. सरडा स्वतःच्या मनाने किती वेळा जागा बदलतो, ते तिच्यात लिहिलेले असेल. तेवढ्या जागा तुम्ही त्याला देऊ शकत असाल, तरच त्याला घरी आणा.